आक्काची होडी विकत घ्यायला

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला मुलजिम, म्हणजे आरोपी, कुठल्या ठाण्याचा, हेही कधी कधी सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र मिसळलेलं नाही. ते दिवस निजाम सरकारचे होते आणि मी औरंगाबाद शहरातल्या एका ठाण्याचा अमीन होतो. अमीन म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. नाव कोणाचंही घेणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणांची नातवंडं अजून त्याच नदीकाठी राहतात.

सकाळची हजेरी चालू होती. जवानांचे पट्टे आणि बूट तपासून मी आत वळलो, तर पायरीवर एक बाई बसलेली. चाळिशीच्या आसपासची, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, हाताचे पंजे चांगले रुंद. शेजारी दोराचं वेटोळं. पहारेकरी तिला उठवत होता आणि ती उठत नव्हती.

"काय पाहिजे बाई?"

"फिर्याद लिवायची हाय."

गाव विचारलं. गंगापूर तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं गाव निघालं. मी म्हणालो, "ते आमच्या हद्दीत येत नाही. तिकडच्या ठाण्यात जा."

"तिकडं लई बारी गेले. त्यांनी लिवलं, होडी पुरात वाहून गेली. सायब, पाणी कवाच उतरलं व्हतं." तिनं दोराचं टोक माझ्यापुढं धरलं. "वाहून गेलेल्या होडीचा दोर असा ऱ्हातो व्हय?"

मी टोक पाहिलं. दोर ताणून तुटला की त्याचे पेड लांब-आखूड होतात, पिंजतात. हा सुरीनं कापावा तसा एका रेषेत कापलेला होता. माझं आजोळ नदीकाठचं. लहानपणी सुट्ट्या होडीवरच गेल्या. त्यामुळं एवढं मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिला आत बसायला सांगितलं.

तिची हकिकत साधी होती. नवऱ्यानं स्वतः बांधलेली शिडाची होडी होती. तो तापानं गेला आणि तिनं सुकाणू हातात घेतलं. गावची शेतं नदीच्या पलीकडं, बाजार पलीकडं. निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाया तिच्याच होडीतून जात. त्या छोट्या घाटावरून गावच्या लोकांची ने-आण करण्याचा तिच्या घराला जुना हक्क होता. थोड्या अंतरावर सरकारी घाट होता आणि त्याचा ठेका एका वजनदार माणसाकडं होता. त्याला तिची होडी खुपत होती. त्यानं तिला माणसांदेखत सांगितलं, होडी बंद कर, माझ्याकडं कामाला ये. तिनं माणसांदेखतच नाही म्हटलं. पुढं बहिणीच्या घरी मयत झाली म्हणून ती परगावी गेली. परतली तर खुंटाला दोराचा तुकडा होता, होडी नव्हती.

"आता बाया त्याच्या घाटावर जात्यात," ती म्हणाली. "तो मुद्दाम त्यास्नी शेवटी नेतो. ऊन वर आलं की पलीकडचा मालक म्हनतो, उशिरा आलीस, जा माघारी. घरी बसल्यात समद्या."

मुहर्रिर, म्हणजे ठाण्याचा कारकून, तिचा इजहार, म्हणजे जबाब, उर्दूत लिहीत होता. दफ्तराची भाषा उर्दू. लिहून झाल्यावर त्यानं मराठीत वाचून दाखवलं. 'होडी गुम झाली' या शब्दांवर तिनं त्याला थांबवलं.

"गुम नव्हं. चोरी लिवा."

"अहो बाई, तपासानंतर ठरतं ते."

"तुमचं तपासानंतर ठरंल. ह्यो माझा इजहार हाय न्हवं? मग मी सांगते त्यो शबुद लिवा."

मुहर्रिरनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं शब्द खोडून वर चोरी लिहिलं, आणि तिनं खाली अंगठा उठवला. त्या दिवसापासून ठाण्यात तिला सगळे आक्का म्हणू लागले. मीही इथं तेच म्हणतो.

दुपारी मोहतमीम साहेबांनी मला बोलावलं. मोहतमीम म्हणजे जिल्ह्याचे पोलीस प्रमुख. त्यांनी कागद बाजूला सारला. "दुसऱ्या हद्दीतली बाब. कागद तिकडं रवाना करा." हुकूम हुकूमच होता. मी कागद रवाना केला. पण कागद कुठं जाऊन पडणार हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

आक्का गावी गेली नाही. शहरात तिचं कोणी नव्हतं. माझे जमादार वयस्क, बेगमपुऱ्यात राहणारे, पाच वेळा नमाज पढणारे गृहस्थ होते. त्यांच्या बेगमनी तिला घरी ठेवून घेतलं. रोज सकाळी हजेरीच्या वेळी ती पायरीवर येऊन बसायची. काही बोलायची नाही. मी आलो की उभी राहायची, मी आत गेलो की परत बसायची. पोलिसाला अशा बसण्याचा किती त्रास होतो ते पोलिसालाच माहीत.

खबर आली ती जमादारांमुळं. शाहगंजात त्यांच्या ओळखीचा एक तंबू शिवणारा होता. लष्करासाठी, लग्नकार्यासाठी तंबू, कनाती शिवायचा. चहा पिताना तो सहज म्हणाला, पैठणचा एक माणूस जुनं शीड घेऊन आला आणि ते आखूड करून गेरूत रंगवून मागितलं.

जमादार माझ्याकडं आले. "साब, उनो बोलता, कपडा एकदम मजबूत था. अच्छा खासा शीड कोई काहेको काटेगा?"

चांगलं शीड माणूस कापतो ते डोलकाठी आखूड झाली म्हणून. आणि डोलकाठी आखूड करण्याचं कारण होडी ओळखू येऊ नये, याखेरीज मला दुसरं सुचेना. मी आक्काला घेऊन शाहगंजात गेलो आणि त्या शिंप्याला भेटलो. कापलेल्या पट्ट्या त्याच्याकडं अजून पडून होत्या. आक्कानं पट्टीची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "ह्यो टाका माझा हाय." तिनं पट्टीची नीट घडी करून माझ्या हातात दिली. रडली नाही.

आता हद्दीचा प्रश्न सुटला होता. चोरीचा माल माझ्या हद्दीत, शाहगंजात, बदलला गेला होता. म्हणजे गुन्ह्याचा एक भाग माझ्या ठाण्यात घडला. मी रोजनाम्यात तसं नोंदवलं, कलम लावलं आणि तपास हातात घेतला. मोहतमीम साहेबांना कळवलं ते परवानगी मागण्यासाठी नव्हे, रीतसर माहितीसाठी. त्यांनी कागद वाचून खाली ठेवला. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पैठणहून रिकाम्या हातानं परतलो तर माझं काही खरं नाही.

शिंप्याच्या त्या पैठणच्या गिऱ्हाइकाचा माग काढणं अवघड नव्हतं. तो जुन्या होड्यांचा दलाल होता आणि त्याच्याकडं एक शिडाची होडी विकायला होती. मी ठरवलं, पोलीस म्हणून न जाता गिऱ्हाईक म्हणून जायचं. पोलीस दिसला की होडी रातोरात खाली नदीत निघून गेली असती.

निघण्याआधी मी एक काम केलं, आणि तरुण अधिकाऱ्यांना मी ते नेहमी सांगत आलो. चोरीची वस्तू फिर्यादीला दाखवण्याआधी त्याच्याकडून तिच्या खुणा लिहून घ्याव्यात. वस्तू पाहिल्यावर सांगितलेल्या खुणांना कोर्टात किंमत नसते. दोन पंच बोलावले, एक शाळामास्तर आणि एक किराणा दुकानदार. त्यांच्यासमोर आक्काला विचारलं, "बाहेरून दिसणार नाही असं काय आहे त्या होडीत?"

ती म्हणाली, "आतली समदी बाकदार लाकडं सागाची, पर मधलं एक बाभळीचं. सागाचं फुटलं व्हतं म्हनून बसवलं. आन् मागल्या अंगाला तळाच्या फळीवर जळाल्याचा डाग. थितं माझी चूल ऱ्हायची."

दोन्ही पंचांनी सह्या केल्या.

पैठणला मी धोतर, लांब कोट आणि काळी टोपी घालून उतरलो. फळांचा व्यापारी. नदीपात्रातली खरबुजं-टरबुजं वाहून आणायला होडी हवी. पंच माझे भागीदार झाले, जमादार आमचे कारभारी, आणि आक्का माझी आत्या. तिला बजावलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. पैठणच्या ठाण्याला रीतसर कळवलं होतं आणि त्यांचे दोन जवान साध्या कपड्यात घाटावर दोर वळत बसले होते.

दलाल गोड माणूस होता. पान पुढं केलं, घोंगडं अंथरलं. होडी अर्धी वाळूत ओढून ठेवलेली. डांबर काळं कुळकुळीत, वरची कड हिरवी रंगवलेली, शीड गेरूचं. आक्कानं पदर पुढं ओढला आणि दुसरीकडं बघत उभी राहिली. तिनं पदर बोटांत गच्च धरला होता, एवढंच मला दिसलं.

"नांदेडकडची होडी आहे शेठ," दलाल म्हणाला. "मी स्वतः घेतली. घरच्यासारखी वापरलीय."

मी कोट काढला आणि होडी बघायला लागलो. जुनी होडी घेणारा माणूस जसं बघतो तसंच बघितलं, कारण नुसतं नाटक केलं तर जाणत्या माणसाला ते कळतं. आधी मागं लांब उभं राहून एक डोळा मिटून तळाची रेषा पाहिली. किंचित पीळ होता. मग बोटाच्या गाठीनं एकेक फळी ठोकत पुढं आलो. चांगलं लाकूड टणक बोलतं, कुजलेलं मुकं राहतं. पाण्याखाली राहणाऱ्या भागात दाभण टोचून पाहिलं. टोक आत शिरलं नाही. लाकूड पक्कं होतं. फटींत काथ्या ठोकून वर डांबर ओतलेलं, पण डांबर नवं आणि खालचा काथ्या जुना. ज्याला गळती थांबवायची असते तो आधी काथ्या बदलतो. इथं नुसता रंग बदलायचा होता. डोलकाठीच्या बुडाशी करवतीचा ताजा काप होता, त्यावर चिखल फासलेला.

इथवर सगळं मनासारखं होतं. मग मी आत चढलो आणि तळाच्या फळ्या उचलायला सांगितल्या.

बाभळीचं लाकूड नव्हतं. सगळी सागाची. मी मागच्या अंगाला गेलो. जळाल्याचा डाग नव्हता. फळी स्वच्छ.

शाळामास्तर माझ्या शेजारी वाकले होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, ही ती नाही वाटतं."

खोटं सांगत नाही, माझाही विश्वास डळमळला. क्षणभर वाटलं, या बाईला कुठलीही होडी आपलीच दिसत असेल. दु:खात माणसं तसं करतात. मोहतमीम साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मग मी पुन्हा वाकलो. मधलं एक लाकूड बाकीच्यांपेक्षा फिकं होतं, त्याचे खिळे चकचकीत होते. मागची फळी रंध्यानं तासलेली होती आणि तिथं बाकी तळापेक्षा हाताला खड्डा लागत होता.

"मास्तर," मी म्हणालो, "एवढ्या मोठ्या होडीत आतून दोनच जागा नव्या केल्या आहेत. आणि बाईंनी काल दोनच जागा सांगितल्या होत्या. बरोबर त्याच."

मास्तर बघत राहिले. मग त्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. होडीची आतली माहिती असलेल्या माणसानं ते काम करून घेतलं होतं, आणि असा माणूस नांदेडचा असणं शक्य नव्हतं.

मी दलालाला म्हणालो, "होडी बरी आहे. पण पाण्यावर बघितल्याशिवाय घेणार नाही."

"बघा की. लोण्यावाणी चालती." त्यानं माणसांना हाका मारून होडी पाण्यात ढकलून घेतली. आम्ही सगळे चढलो. दलालही चढला. सुकाणूपाशी त्याचा माणूस बसणार तोच आक्का तिथं जाऊन बसली.

दलाल हसला. "आत्याबाई धरणार सुकाणू?"

"धरून तर बघू," आक्का म्हणाली. बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी तिच्याकडं डोळे वटारले. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती पंचांना म्हणाली, "दादांनो, ऐकून ठिवा. उजव्या अंगानं वारं लागलं की ही होडी वाऱ्याकडं तोंड वळवती. सरळ न्यायची तर सुकाणू उलट्या अंगाला दोन्ही हातांनी दाबावं लागतं."

"छे, छे," दलाल म्हणाला. "कोण सांगितलं? एका बोटानं चालती ही."

शीड चढलं. पूर्वेचा वारा होता. काठ सोडून आम्ही पुढं गेलो, आणि आक्कानं वळण घेऊन वारा उजव्या अंगावर घेतला. होडीनं तोंड फिरवायला सुरुवात केली. आक्कानं काही केलं नाही, मुद्दाम. होडी तिनं सांगितल्याप्रमाणं वाऱ्याकडं वळत गेली. किराणा दुकानदारानं कड घट्ट पकडली. मग आक्का उठून अर्धी उभी राहिली, दोन्ही हातांनी सुकाणू दाबलं, आणि होडी परत सरळ झाली. तिनं शीड उतरवायला सांगितलं. होडी नदीच्या मधोमध थांबल्यासारखी झाली.

आक्कानं पदर मागं टाकला. "ही माझ्या नवऱ्यानं बांधली. तळाला पीळ ऱ्हायला म्हनून त्यो मरंस्तवर सोताला शिव्या घालायचा. तुला ठावं न्हाय, कारन तू ही कवा चालवलीच न्हाईस. कुनी दिली तुला?"

दलालाच्या तोंडचं पान खाली पडलं. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा जमादारांकडं पाहिलं. जमादारांनी शांतपणं खिशातून बिल्ला काढून दाखवला. आणि दलालानं नदीत उडी मारली.

होड्यांच्या त्या दलालाला पोहता येत नव्हतं. तो दोनदा वर आला, हात आपटले. आमच्यापैकी कोणी हलायच्या आत आक्कानं वल्हं त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते मिठी मारावी तसं पकडलं. तिनं आणि जमादारांनी मिळून त्याला आत ओढलं.

"बुडून मेलास तर बोलनार कोन?" ती त्याला म्हणाली आणि परत सुकाणूपाशी जाऊन बसली.

पैठणच्या ठाण्यात जमादारांनी त्याला कोरडं धोतर आणि चहा दिला. मारहाणीनं माणूस बोलतो, पण आपल्याला जे ऐकायचं असतं तेच बोलतो. मला ते नको होतं. मी त्याच्यासमोर बसलो. त्याची कहाणी तयार होती. नांदेडकडच्या एका माणसाकडून होडी घेतली, तो माणूस आता कुठं आहे माहीत नाही. खोटं बोलणारे बहुतेक जण घेणाऱ्या-देणाऱ्याची गोष्ट पक्की पाठ करून येतात. वस्तूचा विचार त्यांनी केलेला नसतो. मी देणाऱ्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

"होडी घेताना तुम्ही काय काय तपासलं?"

तो गोंधळला. "फळ्या बघितल्या."

"काठावर की पाण्यात?"

"पाण्यात."

"मग चालवून बघितली असेल."

"बघितली."

"कोणी चालवली?"

"मीच."

"तुम्हाला तर पोहता येत नाही. आणि होडीला वाऱ्याकडं ओढ आहे हेही माहीत नाही. आज तर दुकानदारालासुद्धा कळलं. धंद्यातला माणूस होडी न चालवता विकत घेतो का?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मी पुढं काही विचारलं नाही. तिथल्या मुहर्रिरची लेखणी थांबलेली. बाहेर पहारा बदलला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मी विकत घेतली नाही साहेब. विकून दे म्हणून माझ्याकडं आणून दिली." आणि त्यानं घाटाच्या ठेकेदाराचं नाव सांगितलं. त्याच्या दोन माणसांनी दोर कापून होडी प्रवाहात खाली आणली होती. आतल्या खुणा त्यांना माहीत होत्या, कारण त्यातला एक जण आक्काच्या नवऱ्याच्या हाताखाली कधीकाळी काम करत असे.

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. पोलिसात तपास संपला की सगळं संपलं असं लोकांना वाटतं. ठेकेदार औरंगाबादला आला तो दोन वजनदार माणसं घेऊन. मोहतमीम साहेबांनी मला आणि आक्काला बोलावलं. ठेकेदार मऊ आवाजात म्हणाला, "गैरसमज झाला. बाईला मी नवीकोरी होडी बांधून देतो. प्रकरण मिटवा."

साहेबांनी आक्काकडं पाहिलं. त्यांना वाटलं असेल, गरीब बाई, खूश होईल.

"मला ह्यांची होडी नको," आक्का म्हणाली. "ह्यांनी दिलेली होडी ह्ये कवाबी परत नेतील. माझी हाय ती द्या. आन् चोरी कुनी केली त्ये कोर्टात सांगा."

ती बाहेर गेल्यावर साहेब मला म्हणाले, "चालानमधून ठेकेदाराचं नाव काढा. गुन्हा त्याच्या माणसांवर ठेवा."

"काढतो साहेब. तसा लेखी हुकूम मिळावा."

त्यांनी दुसरा कागद पुढं ओढला. लेखी हुकूम आला नाही. चालान, म्हणजे आरोपपत्र, ठेकेदाराच्या नावासह कोर्टात गेलं.

दरम्यान होडी मुद्देमाल म्हणून पैठणला वाळूत ओढून ठेवली होती. नियमाप्रमाणं खटला संपेपर्यंत ती तिथंच राहणार. आक्का ते ऐकून ठाण्यात आली. "उन्हात लाकूड वाळलं की फळ्या उघडत्यात. खटला सरंस्तवर सरपन व्हईल तिचं. मला होडी पायजे सायब." ती पैठणला जाऊन राहिली आणि रोज घागरीनं पाणी आणून होडीवर ओतू लागली. पहाऱ्यावरच्या जवानानं मुद्देमालाला हात लावायचा नाही म्हणून अडवलं, तर तिनं त्याला सांगितलं, हात लावत नाही, लांबून ओतते. जवानानं मला विचारणा केली. मी कळवलं, पाणी ओतायला मनाई करणारं कलम मला सापडलेलं नाही.

मी मुन्सिफ साहेबांपुढं, म्हणजे न्यायाधीशांपुढं, अर्ज केला. होडी वस्तू असली तरी ती पाण्यातच टिकते, एवढंच मांडलं. ते कडक गृहस्थ होते, पण त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले आणि होडी आक्काच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. खटल्यात लागेल तेव्हा हजर करायच्या अटीवर.

होडी घरी न्यायची म्हणजे प्रवाहाविरुद्ध. वाटेत काही गडबड झाली तर जबाबदारी माझी, म्हणून मी आणि जमादार सरकारी पोशाखात बरोबर गेलो. वारा पूर्वेचा होता तेव्हा शिडावर चाललो. पाणी उथळ लागलं तिथं काठावरून दोर लावून ओढली. जमादार पायजमा गुडघ्यावर खोचून दोर ओढत होते आणि म्हणत होते, "इत्ती उमर में ये भी करना था, साब."

ठेकेदाराचा घाट आला तेव्हा सकाळची वेळ होती. घाटावर माणसांची गर्दी, खुरपी घेतलेल्या बाया एका बाजूला बसलेल्या. ठेकेदाराची माणसं पुढं आली आणि शीड उतरव, होडी काठाला घे म्हणून ओरडू लागली. मी उठून उभा राहिलो. आक्कानं मला खाली बसायला सांगितलं.

"तुमी नगा उठू सायब. उद्या तुमी नसनार."

तिनं शीड उतरवलं नाही. घाटाच्या अगदी जवळून, माणसांचे चेहरे दिसतील इतक्या अंतरावरून होडी नेली आणि पुढं आपल्या घाटाला लावली. खुंट अजून तिथंच होता. तिनं दोर बांधला आणि वाळूत उतरून उभी राहिली. कोणाला हाक मारली नाही.

काही वेळ कोणीच हललं नाही. मग त्या घाटावरची एक म्हातारी उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि वाळूतून चालायला लागली. ठेकेदाराचा माणूस तिला काही बोलला. ती थांबली नाही. तिच्यामागं दुसरी उठली. मग सगळ्याच बाया उठल्या. आक्कानं त्यांना होडीत बसवलं, मला आणि जमादारांना मात्र उतरवलं. "जागा न्हाय सायब, ह्यांना उशीर व्हतोय."

आम्ही वाळूत उभे राहून होडी पलीकडं जाताना पाहिली.

खटल्यात ठेकेदाराच्या दोघा माणसांना सजा झाली. दलाल माफीचा साक्षीदार झाला. ठेकेदार सुटला. पुरावा त्याच्यापर्यंत पुरेसा पोचला नाही, असं निकालात म्हटलं. मी तो निकाल मानतो, पण आजही मला तो पटलेला नाही. पुढच्या ठेक्याच्या वेळी मात्र त्याच्या घाटावर यायला गावचं कोणी तयार नव्हतं आणि त्यानं स्वतःहून ठेका सोडला. ते काम कोर्टाचं नव्हतं, माझंही नव्हतं.

माझी बदली झाली. रियासतीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथली भाषा मला येत नव्हती. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मोहतमीम साहेब म्हणाले, "एका होडीसाठी एवढं करायची गरज होती का?"

"पुन्हा कोणी आलं तर पुन्हा करीन साहेब," मी म्हणालो आणि सलाम केला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं ते लिहितो. ठाण्याच्या पायरीवरून माणसाला परत पाठवायला आम्हा पोलिसांकडं खूप चांगली कारणं असतात. हद्द, कलम, वरचा हुकूम, पुरावा. ती सगळी खरी असतात, म्हणूनच घातक असतात. मी नवी भाषा शिकलो, तिथंही ठाणं चालवलं. तिथं पहिल्याच दिवशी पहारेकऱ्याला सांगितलं, पायरीवर कोणी बसलं तर उठवायचं नाही, आत आणायचं. त्यावरही वरून विचारणा झाली. मी उत्तर दिलं आणि तसंच चालू ठेवलं.